शेरा मारून गेलेले गृहस्थ

चौतीस वर्षं कचेरीत घालवून माणूस निवृत्त झाला, की त्याच्या अंगात कचेरीची एखादी सवय उरतेच. कुणी सकाळी सव्वानऊला बूट घालून दारापर्यंत जातो आणि तिथून ओशाळून परत येतो. कुणी घरातल्या घरात शिपायाला बोलवायची घंटी शोधतो. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांच्या हाताला शेरा मारायची सवय उरली होती. कचेरीत त्यांना शेरेबहाद्दर म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. टेबलावर फाईल आली, की डाव्या हाताने उघडायची, उजव्या हाताने 'पाहिले, हरकत नाही' लिहायचं, खाली लांब शेपटीची सही, तारीख आणि वेळ टाकायची, आणि फाईल पुढच्या टेबलावर ढकलायची. या सगळ्यात डोळ्यांना काम एवढंच, की सहीची शेपटी कागदाबाहेर जाऊ नये. एकदा एका शिपायाने गंमत म्हणून आपला जेवणाचा डबा फायलींच्या गठ्ठ्यात ठेवला, तर संध्याकाळी झाकणावर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठीवरही हरकत नसल्याचं निघालं. डबा चार टेबलं पुढे गेला होता.

निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात बायकोने विषय काढला.

"दर शनिवारी आपण काहीतरी बघायला जायचं. चित्रांचं प्रदर्शन, नाटक, नाच, गाणं, काहीही. शहरात एवढं चाललेलं असतं."

"पाहू," शेरेबहाद्दर म्हणाले.

"पाहू नाही. निवृत्त झाल्यावर पाहू, असं तीस वर्षं म्हणत होतात. झालात ना निवृत्त? आता पाहायचं."

शेरेबहाद्दरांनी एक जाड वही आणली, पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, स्थळ, प्रकार, शेरा. रकाने आखून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. कलेला एकदा रकान्यात बसवलं की ती फारशी भीतीदायक राहत नाही, असं त्यांचं मत झालं.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी न मागता मार्गदर्शन केलं. दातांच्या डॉक्टरांना समोरच्याचं उत्तर ऐकायची सवय नसते, हा त्या धंद्याचा दोष आहे. "चित्रासमोर निदान चाळीस सेकंद उभं राहायचं साहेब, मनात मोजायचे. मान डावीकडे झुकवायची. उजवीकडे झुकवलीत तर लोकांना वाटतं मान अवघडली आहे. आणि प्रायोगिक नाटकाला चुकूनही मधल्या खुर्चीवर बसू नका. मी बसलो होतो. अजून आठवण येते."

पहिले तीन शनिवार सुरळीत गेले. बायको एकेका चित्रासमोर खिळून राहायची. शेरेबहाद्दर चार मिनिटांत दालन आटपून दाराशी यायचे, कारण दाराशी त्यांना त्यांचा स्वर्ग सापडला होता. तिथे एका टेबलावर अभिप्रायाची वही असायची, दोरीला बांधलेलं पेन असायचं, आणि कुणीही येऊन शेरा मारावा अशी उघड परवानगी असायची! शेरेबहाद्दर पेन उचलत, 'स्तुत्य उपक्रम. पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं लिहीत, शेपटीची सही करत, तारीख आणि वेळ टाकत. मग बाकावर बसून बायकोची वाट पाहत. निवृत्ती वाटली होती तितकी वाईट नव्हती.

चौथ्या शनिवारी बंद पडलेल्या दुकानांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. दालन नेहमीप्रमाणे चार मिनिटांत झालं. वहीपाशी आले, तर टेबलामागचा रखवालदार म्हणाला, "काही राहिलं का साहेब लिहायचं?"

"अजून लिहिलंच कुठंय?"

रखवालदार हसला. म्हातारी माणसं थट्टा करतात तेव्हा हसायचं असतं, अशा बेताने हसला. शेरेबहाद्दरांनी वही उघडली. शेवटचा अभिप्राय असा होता: 'सतरा नंबरच्या फोटोत दुकानाच्या काचेवर फोटो काढणारीचं प्रतिबिंब आलंय. ती रडते आहे. बाकीचे सोळा फोटो तिने हा एक लपवण्यासाठी लावले असावेत.' खाली शेपटीची सही. तारीख आजची. वेळ वीस मिनिटांपूर्वीची.

अक्षर त्यांचंच होतं. त्यांच्या 'र'ला पोटाशी एक बारीक गाठ पडते, ती होती. सहीची शेपटी शेवटी किंचित वर वळते, ती वळलेली होती. आणि वीस मिनिटांपूर्वी ते बसथांब्यावर सुट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालत होते, हे बायकोने शपथेवर सांगितलं असतं.

पहिला धक्का ओसरल्यावर शेरेबहाद्दरांना राग आला तो मजकुराचा. इतका खासगी शेरा! रडते आहे म्हणे. असं कुणी सार्वजनिक वहीत लिहितं का? पाऊण तासाने बायको बाहेर आली तेव्हा त्यांनी वही मिटली आणि सहज विचारल्यासारखं केलं, "सतरा नंबर कसा होता?"

बायको दचकली. "तुम्हाला कसं कळलं? अर्धा तास मी तिथेच उभी होते."

आत जाऊन सतरा नंबर बघून यावा, असं शेरेबहाद्दरांना सुचलंसुद्धा नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

पुढच्या शनिवारी चारच्या खेळाला एका नर्तकीचा कार्यक्रम होता. दारावर तिकीट दाखवलं, तर दारवानाने ते पाहिलंसुद्धा नाही. "बाहेर जाऊन आलात होय? बसा, बसा, तुमची जागा तशीच आहे." जागा तशीच होती. फक्त ऊबदार होती. शेरेबहाद्दर बसताना थोडे डावीकडे कलतात, त्यांच्या कमरेचं ते जुनं दुखणं आहे, आणि खुर्चीची गादी डावीकडेच दबलेली होती. ते अगदी आरामात त्या खळग्यात बसले आणि मग ताडकन उठले.

"मी आलोच," म्हणून ते बाहेर पळाले. वही दाराशीच होती. 'नर्तकी पस्तीस मिनिटं एका जागी उभी होती. तिची सावली मात्र दोनदा हलली. मला भीती वाटली, आणि किती तरी दिवसांनी काहीतरी वाटलं.' वेळ तीन चाळीस. कार्यक्रम सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती.

आता मात्र शेरेबहाद्दरांनी ठरवलं, की हा भामटा खोटा पाडायचा. सावलीवर डोळा ठेवायचा, ती हलत नाही हे बघायचं आणि तसा विरुद्ध शेरा नोंदवायचा. ते त्या ऊबदार खळग्यात ताठ बसले. दिवे मंदावले. नर्तकी येऊन उभी राहिली. मिनिटं गेली. आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यांना जाग आली.

शेजारी बायको पांढरीफटक पडली होती. "पाहिलीत सावली?" तिने कुजबुजत विचारलं. शेरेबहाद्दरांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांनाही ठरवता आलं नाही.

सोमवारी त्यांनी कलाभवनाच्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला. शहरातली सगळी दालनं आणि नाट्यगृहं त्याच कार्यालयाच्या अखत्यारीत होती. आपल्या नावाने कुणी तोतया अभिप्राय लिहितो आहे, सबब ते खोडण्यात यावेत. व्यवस्थापकांनी अर्ज दोनदा वाचला.

"वहीतला अभिप्राय फक्त लिहिणाऱ्यालाच खोडता येतो, साहेब. नियम आहे."

"पण तो मी लिहिलेलाच नाही."

"मग तुम्हाला खोडता येणार नाही."

"अहो, सही माझी आहे!"

"मग खोडा की. इथे लिहून द्या, की सदर अभिप्राय मीच लिहिला आहे, आणि खोडून टाका."

शेरेबहाद्दरांनी उभ्या आयुष्यात इतरांना ज्या खिंडीत गाठलं होतं, त्या खिंडीत ते स्वतः उभे होते. त्यात भर म्हणून व्यवस्थापक खुर्चीत पुढे झुकून हळूच म्हणाले, "कशाला खोडता पण? तुमचे अभिप्राय आम्ही चित्रकारांना वाचून दाखवतो. मागच्या बुधवारी तुम्ही त्या मोठ्या निळ्या चित्रापुढे दोन तास बसला होतात ना, तेव्हा मीच दार लावायचं थांबवलं होतं."

बुधवारी शेरेबहाद्दर पुढच्या खोलीत एक ते चार झोपले होते. तरी त्यांना भीतीहूनही जास्त काही बोचलं असेल, तर ते हे दार. चौतीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी दार लावायचं थांबवलं नव्हतं.

दातांच्या डॉक्टरांपाशी मन मोकळं करावं लागलं, कारण त्यांचे सासरे कोर्टाच्या कामासाठी हस्ताक्षरं तपासायचे. सासरे कानाने अधू आणि डोळ्याने तीक्ष्ण होते. त्यांनी वह्यांच्या पानांचे फोटो घेतले, शेरेबहाद्दरांकडून समोर बसवून चार ओळी लिहून घेतल्या आणि भिंग लावून पाऊण तास बसले.

"हे सगळे लांब अभिप्राय एकाच माणसाचे आहेत," सासरे म्हणाले. "हात मोकळा आहे, कुठे अडखळलेला नाही. अस्सल."

"आणि हा?" शेरेबहाद्दरांनी नुकताच लिहिलेला आपला कागद पुढे केला. त्यावर चार वेळा 'स्तुत्य उपक्रम' होतं, दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"हा खोटा," सासरे म्हणाले. "पेन तीन ठिकाणी उचललंय. हा माणूस त्या माणसाची नक्कल करतोय. बरी केली आहे, पण नक्कलच."

डॉक्टर खाकरले. शेरेबहाद्दरांनी तो कागद घडी करून खिशात घातला. जिना चढताना त्यांनी दोनदा कठड्याला हात लावून आपण आहोत ना, याची खात्री करून घेतली.

हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगणार काय? आणि तेवढ्यात बायकोनेच एक बातमी आणली. ती चित्रं काढायची. म्हणजे अकरा वर्षं काढत होती, दुपारी, मागच्या खोलीत. शेरेबहाद्दर संध्याकाळी कचेरीतून आले, की ती नवीन चित्र दारातच समोर धरायची. ते बुटांच्या नाड्या सोडता सोडता "छान आहे" म्हणायचे. हळूहळू तिने समोर धरणं बंद केलं होतं. ते कधी बंद झालं, हे शेरेबहाद्दरांच्या लक्षात आलं नव्हतं. आता तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी कलाभवनाचं छोटं दालन एका शनिवारसाठी मिळवून दिलं होतं. चौदा चित्रं लागणार होती.

"वही पण ठेवणार आहे," बायको म्हणाली. मग थोडं थांबून, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही काय लिहिता ते मी वाचणार आहे हं. बाकी कुणी काही लिहो."

शेरेबहाद्दरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्वतः काय लिहिणार, ते ठरलेलंच होतं. तो काय लिहील? तो खरं लिहायचा. चित्रं वाईट असली, तर तो वाईट आहेत असं लिहील, त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीने, आणि अकरा वर्षांनी ती ते वाचेल. आणि चित्रं वाईट आहेत की चांगली, याचा शेरेबहाद्दरांना पत्ताच नव्हता. ते घाईने मागच्या खोलीत गेले. चौदाच्या चौदा चित्रं खाकी कागदात बांधून भिंतीला टेकवलेली होती, तोंडं भिंतीकडे करून. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून ते तिथेच स्टुलावर बसून राहिले.

मग त्यांच्यातला कारकून जागा झाला. वही त्यांनी स्वतः आणली. शहाण्णव पानांवर क्रमांक घातले, प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं आणि पुठ्ठ्याच्या आत 'सर्व पाने कोरी' असं लिहून सही केली. शनिवारी साडेनऊला ते दालनाच्या दाराशी टेबल मांडून बसले. वही छातीशी, कोपर वहीवर. दहाला दार उघडलं.

दिवसभर त्यांनी वही सोडली नाही. अभिप्राय देणाऱ्याने त्यांच्या नजरेसमोर लिहायचं, पान त्यांनीच उघडून द्यायचं. पहिलं पान शोभेसाठी कोरं सोडायचं असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून सगळे दुसऱ्या पानापासून लिहीत होते. दातांचे डॉक्टर आले, मान डावीकडे झुकवून चौदा वेळा चाळीस सेकंद उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही फार नशीबवान आहात." हे नक्की कशाबद्दल, ते विचारायचं धाडस झालं नाही. व्यवस्थापक आले आणि म्हणाले, "सकाळी दिसलात आत. मी म्हटलं, उगाच लक्ष विचलित करू नये."

"मी सकाळपासून इथे बसलोय," शेरेबहाद्दर म्हणाले.

"हो हो," व्यवस्थापक म्हणाले आणि निघून गेले.

बायको दोनदा दाराशी आली. "अहो, या ना आत."

"येतो. इथे माणूस लागतं."

"कशाला लागतं? वही काय पळून जाणारे?"

"तुला नाही कळायचं."

दुसऱ्यांदा ती नुसती उभी राहिली आणि आत गेली.

साडेपाचला दालन रिकामं झालं. बायको बाहेर आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि तिने वहीकडे हात केला. शेरेबहाद्दरांनी कोपर उचललं. न उचलून करतात काय? तिने पुठ्ठा उलटला.

पहिलं पान भरलेलं होतं.

ती वाचायला लागली, आधी मनात, मग हळू आवाजात. "'चौदा चित्रं पाहिली. सगळी आमच्या घराची आहेत. पहिल्या नऊ चित्रांत खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे. तिचं रिकामेपण इतकं नीट काढलंय, की त्या खोलीत दुसरं काही बघवत नाही. दहाव्या चित्रापासून तिच्यात कुणीतरी बसलंय. चित्रं चांगली आहेत. काही फार चांगली आहेत. चित्रकार पुष्कळ वर्षं एकटी होती.'" खाली शेपटीची सही. वेळ नऊ पन्नास.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी सुखावलेली तिला शेरेबहाद्दरांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. गप्प बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. अक्षर त्यांचं, सही त्यांची, आणि सही केलेलं आपलंच मानायचं हा तर त्यांचा जन्मभराचा धर्म. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"मी लिहिलेलं नाही हे. आत मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. तुझं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. आजही नाही आणि तेव्हाही नाही. बुटांच्या नाड्याच बघत होतो."

"माहीत आहे मला," बायको म्हणाली.

आत पंखा फिरत होता.

"ते दुपारी येतात," बायको शांतपणे म्हणाली. "मागच्या खोलीत. पहिल्यांदा आले तेव्हा ब्रश हातातून पडला माझ्या. मग म्हटलं, दिसायला तुमच्यासारखेच तर आहेत. बोलत नाहीत फारसं. बसतात आणि बघतात."

"आणि मी? आता तर मी घरीच असतो दुपारी."

"तुम्ही पुढच्या खोलीत घोरत असता. आम्हाला ऐकू येतं."

शेरेबहाद्दर उठले. वही तिच्याकडेच सोडून आत गेले. पहिल्या चित्रासमोर उभे राहिले. सेकंद मोजायचे राहून गेले. ते त्यांचं घर होतं, त्यांची खिडकी, भिंतीवरचा ओलीचा डाग, आणि खुर्ची. वहीत लिहिलं होतं ते खरं होतं, दुसरीकडे बघवत नव्हतं. दुसरं चित्र, तिसरं. चौथ्या चित्रापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला, चष्मा स्वच्छ होता तरी पुसला. दहाव्या चित्रात खुर्चीत ते बसले होते. शर्ट त्यांचा, टक्कल त्यांचं, डावीकडे कललेली बसण्याची तऱ्हा त्यांची. पण खुर्चीतला माणूस चित्राबाहेर बघत होता, समोर उभं राहून चित्र काढणारीकडे, आणि असं बघताना शेरेबहाद्दरांचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नातलासुद्धा नव्हता. त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला. भीती केव्हाच मागे पडली होती.

चौदावं चित्र संपवून ते बाहेर आले तेव्हा सव्वासहा वाजले होते. बायको तशीच बसून होती. तिने पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं, आणि हात आपल्या आपण 'स्तु' लिहायला निघाला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तसंच धरून ठेवलं. मग फार हळू, मध्ये कुठेही पेन न उचलता, एक ओळ लिहिली. सही केली नाही, वेळ टाकली नाही. वही बायकोकडे वळवली.

'मला मागच्या खोलीत येऊन बसायचं आहे.'

बायकोने ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि मग तिच्या कपाळावर, घरात काही अडचण उभी राहिली की पडते तशी, आठी पडली.

"या की," ती म्हणाली. "पण त्यांना विचारावं लागेल हो. खुर्ची एकच आहे."